गाडीला एक इंच छोटी चाकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉप मॉडेल घेतलं की मोठी अलॉय चाकं त्याच्यासोबतच येतात. वर्ष-दोन वर्षांत आई-बाबा मागच्या सीटवर बसायला कुरकुर करू लागतात, एखाद्या खड्ड्यात टायरला फुगा येतो, नव्या टायरचा भाव ऐकून धडकी भरते. मग प्रश्न येतो: चाक एका इंचानं कमी केलं तर? या विषयावर सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तुमच्याच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनी जो साइझ देते, तो घ्यायला हरकत नाही, बहुतेकांना त्याचा फायदाच होईल. त्याबाहेरचा साइझ मनात असेल तर प्रश्न ५ ते ७ आणि १२ वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

१. चाक छोटं केलं तर गाडी खाली बसेल का? आधीच गतिरोधकाला पोट घासतं.

नीट निवडलं तर नाही. छोटी होते ती रिम. टायर धरून चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच ठेवायची असते. रिम कमी झाली तेवढं रबर वाढतं.

मारुती बलेनो घ्या. वरच्या व्हेरिएंटला १९५/५५ आर१६ टायर येतो, खालच्याला १८५/६५ आर१५. पहिल्याची उंची ६२०.९ मिमी, दुसऱ्याची ६२१.५ मिमी. ग्राउंड क्लिअरन्स जिथल्या तिथे राहतो. मात्र रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचं रबर, म्हणजे साइडवॉल, १०७ मिमीची १२० मिमी होते. स्विफ्टच्या १८५/६५ आर१५ आणि १६५/८० आर१४ या जोडीतही उंचीचा फरक दोनच मिमीचा आहे. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या २३५/६० आर१८ आणि २३५/६५ आर१७ मध्येही तसंच. कंपन्या व्हेरिएंट आखतानाच हा मेळ घालतात. सगळ्याच गाड्यांत तो इतका चपखल नसतो, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

२. टायरवरचे आकडे कसे वाचायचे? उंची घरी काढता येते का?

येते, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे. १९५/५५ आर१६ मध्ये १९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १६ हा रिमचा व्यास, इंचांत.

साइडवॉल: १९५ × ०.५५ = १०७.२५ मिमी. वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, २१४.५. रिम: १६ × २५.४ = ४०६.४. बेरीज ६२०.९ मिमी. नव्या साइझचा असाच हिशेब करा आणि फरक टक्क्यांत काढा. तीन टक्क्यांच्या आत असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. मी स्वतः दोनच्या पुढे जाऊ देत नाही, कारण स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरिंग सगळं या उंचीवर बेतलेलं असतं.

३. खरंच आराम वाटतो, की नवं काही केल्याचं समाधान?

खरंच वाटतो. पण कुठे वाटतो आणि कुठे नाही, हे समजून घेतलं तर अपेक्षाभंग होणार नाही.

टायरमधली हवा हीच गाडीची पहिली स्प्रिंग. शॉकअब्सॉर्बरच्या आधी धक्का ती झेलते. साइडवॉल उंच असेल तर तिला दबायला जागा मिळते. म्हणून धारदार, छोट्या गोष्टींवर फरक लगेच कळतो: उड्डाणपुलाचे सांधे, पेव्हर ब्लॉकचे ठिगळ, टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या जाड पट्ट्या, डांबराच्या थराची तुटलेली कड. स्टीअरिंगमधून हातात येणारा झटका कमी होतो, डॅशबोर्डची खडखड कमी होते. मागे बसणाऱ्यांना तर पुढच्यांपेक्षा जास्त जाणवतं, कारण मागची सीट बहुतेक गाड्यांत जवळपास चाकाच्या वरच असते.

मोठा खोलगट खड्डा, रस्त्याच्या लाटा, उंच गतिरोधक, इथे काम सस्पेन्शनचं असतं. तिथे एका इंचानं फारसं काही बदलत नाही. गाडी गतिरोधकावरून उतरताना 'धप्प' करते ही तक्रार असेल, तर आधी शॉकअब्सॉर्बर, माउंट आणि बुश तपासून घ्या. लाख किलोमीटर झालेल्या गाडीची निम्मी दुखणी तिथेच सापडतात.

४. पैसे खर्च करण्याआधी फुकटात काही करून बघता येईल?

हो, आणि ते आधी करायलाच हवं. हवा तपासा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर कंपनीनं दिलेला आकडा असतो, बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान. पंपावर न सांगता ४० भरलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. 'मायलेज चांगलं मिळतं' म्हणून मुद्दाम जास्त भरून घेणारेही खूप आहेत. कडक हवेवर १५ इंची चाकही दगडासारखं चालतं.

सकाळी, गाडी थंड असताना, स्टिकरप्रमाणे हवा करा आणि पंधरवडाभर तशीच चालवा. दुसरं, टायर जुने असतील तर रबरच टणक झालेलं असतं. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटलेल्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी मऊपणा गेलेला असतो. कधी कधी त्याच साइझचे, आरामासाठी बनवलेले नवे टायर घातले तरी घरच्यांची तक्रार मिटते.

५. माझ्या गाडीला कोणता छोटा साइझ चालेल हे कुठे पाहू?

तीन ठिकाणी. दारावरच्या स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तिकेत सगळ्या व्हेरिएंटचे साइझ दिलेले असतात, हे पहिलं. दुसरं, कंपनीचं माहितीपत्रक, त्यात प्रत्येक व्हेरिएंटसमोर टायरचा साइझ असतो. तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही: डिकीतली स्टेपनी. अलॉय १६ किंवा १७ इंची असली तरी पुष्कळ गाड्यांत स्टेपनी एक इंच छोट्या स्टील रिमची दिलेली असते. तसं असेल तर ती रिम तुमच्या हबवर (चाक ज्याच्यावर नटांनी बसतं तो भाग) बसते याचा पुरावा तुमच्याच घरात आहे. मात्र स्टेपनी अरुंद, ताशी ८० किमीची मर्यादा लिहिलेली तात्पुरती असेल, तर तो साइझ कायमचा वापरायचा नाही.

६. बेस मॉडेलची रिम टॉप मॉडेलला बसणारच ना? गाडी तर तीच आहे.

इथेच घात होतो. गाडी तीच, ब्रेक तेच असतील असं नाही. टॉप मॉडेलला, टर्बो इंजिनला किंवा चारही चाकांना डिस्क असलेल्या व्हेरिएंटला मोठी डिस्क आणि फुगीर कॅलिपर (ब्रेक लावताना डिस्क दाबून धरणारा भाग) असू शकतो. रिमचा व्यास पुरेसा असूनही आतली काडी कॅलिपरला घासते. म्हणून कागदावरचं गणित जुळलं तरी रिम बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

चाचणी अशी करा. गाडी जॅकवर घ्या, पुढचं चाक उतरवा. हबच्या तोंडावर गंजाची खपली असते, ती तारेच्या ब्रशनं साफ करा, नाहीतर रिम टेकल्यासारखी वाटते पण टेकत नाही. टायर न चढवलेली नुसती रिम लावा, सगळे नट हातानं आणि मग पान्यानं आवळा. आता रिम हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवा आणि कान द्या. जराही खरखर नको. मोबाइलचा टॉर्च काड्यांमधून आत मारा आणि कॅलिपर आणि रिम यांच्यातली फट पाहा. चार-पाच मिमी तरी हवीच. बॅलन्सिंगची चिकटवायची शिशाची वजनं रिमच्या आतल्या बाजूला बसतात, ती याच फटीत फिरणार असतात. रिकाम्या रिमला मोकळी वाटणारी जागा वजन लावल्यावर संपते. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा पाहा. मग मागच्या चाकालाही हेच. चांगला टायरवाला हे सगळं वीस मिनिटांत करून देतो. 'बसतं हो, काळजी करू नका' म्हणून जो टाळतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

७. दुकानदार पीसीडी, ऑफसेट, सेंटर बोअर असं भराभर बोलतो. नक्की काय विचारायचं?

पीसीडी म्हणजे नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्ट, बलेनो, आय२० यांचा ४×१००, क्रेटा-सेल्टोसचा ५×११४.३, फोक्सवॅगन पोलोचा ५×१००. हा जुळलाच पाहिजे, इथे जवळपास चालत नाही. ११४.३ च्या जागी ११२ ची रिम नट जबरदस्तीनं आवळून बसवणारे महाभाग आहेत. त्या नटांवर येणारा ताण एखाद्या दिवशी महामार्गावर हिशेब चुकता करतो.

सेंटर बोअर म्हणजे रिमच्या मधलं भोक. स्विफ्ट-बलेनोचा हब ५४.१ मिमी, क्रेटा-सेल्टोसचा ६७.१, होंडा सिटीचा ५६.१. बाजारातल्या रिमचं भोक सहसा मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच माल अनेक गाड्यांना चालतो. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर पुढे काय होतं ते प्रश्न १९ मध्ये आहे.

ऑफसेट, म्हणजे ईटी, हा रिमवर कोरलेला आकडा: रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी सरकलेली आहे, ते तो सांगतो. तो कंपनीच्या आकड्यापेक्षा बराच कमी असेल तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर भार वाढतो आणि मडगार्ड घासतं. पाच मिमीच्या आतला फरक सोसतो. रिमची रुंदीही पाहा: १८५/६५ आर१५ ला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते.

आणि नट. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोल असतं, बाहेरच्या अलॉयना बहुधा शंकूच्या आकाराचं लागतं. चुकीची जोडी आवळल्यासारखी वाटते आणि हळूहळू सैल होते. रिम बदलताना नट त्याच रिमसाठीचे आहेत का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा.

८. स्टील घेऊ की छोटी अलॉय?

खड्ड्यांच्या रस्त्यावर रोजचं चालवणं असेल तर स्टील. वाकली तर ठोकून सरळ होते, तडकत नाही, आणि बेस मॉडेलच्या मूळ स्टील रिम स्वस्तात मिळतात. व्हीलकॅप घालून दोन केबल टाय मारले की तीही उडत नाही. स्टील जड असते हे खरं. १६ इंची अलॉयपेक्षा १५ इंची स्टील हलकी निघेलच असं नाही. वजन कमी करणं हाच हेतू असेल तर छोटी अलॉय घ्या, पण कंपनीची. बाहेरची घेतलीत तर तिच्यावर भारक्षमतेचा आकडा कोरलेला आहे का ते पाहा. तो नसलेली रिम कितीही सुंदर असली तरी परत ठेवा.

९. पैसे किती वाचतात?

टायरचे भाव ब्रँडप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे हलतात, म्हणून हिशेबाची पद्धत सांगतो. एकाच दुकानातून, एकाच ब्रँडच्या एकाच पॅटर्नचे (म्हणजे टायरच्या एकाच मॉडेलचे) दोन्ही साइझमधले भाव घ्या. वेगवेगळ्या पॅटर्नची तुलना करून 'दोन हजार वाचतात' म्हणण्यात अर्थ नाही. भाव ताजेच घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीची कोटेशनं रद्दी आहेत.

एका बाजूला टायरच्या भावातला फरक गुणिले चार. दुसऱ्या बाजूला चार रिम, लागले तर नट आणि रिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. जुनी अलॉय विकून आलेले पैसे यातून वजा करा. टॉप मॉडेलच्या मूळ अलॉयना गिऱ्हाईक सहज मिळतं, कारण बेस मॉडेलवाले त्याच शोधत असतात. अनेकांचा सौदा अलॉय विकून रिमपुरता तरी फिटतो.

या हिशेबात न दिसणारी बचत मोठी असते, ती म्हणजे खड्ड्यातलं नुकसान. बुटक्या साइडवॉलचा टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. त्यात नक्षी अर्धी झिजलेली असेल तर जोडीतला दुसराही बदलावा लागतो, आणि अलॉय वाकली असेल तर तिचा खर्च वेगळा. मुंबई-गोवा महामार्गावरून पावसाळ्यात गावी जाणाऱ्यांना हे सांगायला नको.

वेळ महत्त्वाची. सध्याचे टायर निम्मे शिल्लक असताना बदल केला तर ते निम्मे पैसे फुकट जातात. टायर संपत आले की करा. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच गाडी चालत असेल तर केवळ बचतीसाठी हा खटाटोप करू नका. आरामासाठी अवश्य करा.

१०. मायलेज वाढतं का? माझ्या मित्राचं लिटरमागे एक किलोमीटरनं वाढलं म्हणतो.

थोडं वाढू शकतं, पण मित्राच्या आकड्यात एक फसवणूक लपलेली असू शकते. नवं चाक उंचीनं कमी असेल तर ते तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं आणि ओडोमीटर जास्त किलोमीटर मोजतो. चाक अडीच टक्के लहान झालं तर मीटरवरचं १५ चं मायलेज प्रत्यक्षात साधारण १४.६ असतं. गुगल मॅपवर किंवा महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांवर ५० किमी मोजून ओडोमीटरशी ताडून पाहा, मगच तुलना करा.

खरा फायदा होतो तो हलक्या चाकामुळे, सिग्नलला थांबत-सुटत जाताना. अरुंद टायरमुळे हवेचा अवरोधही किंचित घटतो. पण टायरचा पॅटर्न आणि हवा यांचा परिणाम याहून मोठा असतो. इंधनाची बचत हे चाक बदलण्याचं मुख्य कारण होऊ शकत नाही.

११. माझी क्रेटा १७ इंची आहे. बेसचा १६ इंची साइझ घातला तर बलेनोसारखाच फरक पडेल?

तेवढा नाही. टॉपला २१५/६० आर१७, उंची ६८९.८ मिमी. खालच्या व्हेरिएंटला २०५/६५ आर१६, उंची ६७२.९. साइडवॉल १२९ वरून १३३ होते, म्हणजे जेमतेम चार मिमीनं वाढते. एकूण उंची जवळपास अडीच टक्क्यांनी कमी होते, गाडी साडेआठ मिमी खाली येते आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षात १०० असताना पूर्वीपेक्षा सुमारे अडीच किमी जास्त दाखवतो. टायर स्वस्त पडतील, रिम वाचतील, पण आरामाची मोठी अपेक्षा ठेवू नका.

गणितात २१५/६५ आर१६ सुरेख बसतो: उंची ६८५.९, साइडवॉल १४०. पण गणित जुळणं आणि कंपनीनं तो साइझ तुमच्या मॉडेलला मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तिकेत तो नसेल तर प्रश्न १४ आधी वाचा. मी अशा वेळी १७ वरच राहून आरामाचा पॅटर्न घेण्याचा सल्ला देतो.

१२. साइझनंतर ८७व्ही, ८८एच असं लिहिलेलं असतं. ते पाहायलाच हवं का?

हवंच. आकडा म्हणजे एका टायरची भारक्षमता: ८७ म्हणजे ५४५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९५ म्हणजे ६९०, ९६ म्हणजे ७१०. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची परवानगी आहे, त्यामुळे टी देखील कागदोपत्री पुरतो. तरी स्टिकरवर जे अक्षर आहे त्याच्या खाली उतरू नका. भाराच्या आकड्यात तर अजिबात नको. स्वस्त टायर कमी भाराचा असू शकतो, आणि सात माणसं, सामान आणि मे महिन्याचं ऊन एकत्र आलं की टायर तापून फुटतो. टायरवर आयएसआयचा शिक्का आहे का तेही पाहा.

१३. घाटात गाडी डोलेल का? पावसात ब्रेक कमी लागतील?

उंच साइडवॉल वळणावर थोडी जास्त लवते. स्टीअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते. आंबोली किंवा वरंधा घाटात जोरात चालवणाऱ्याला ते जाणवेल; घरच्यांना घेऊन चालवणाऱ्याला चार दिवसांत सवय होते. कोरड्या रस्त्यावर अरुंद टायरची पकड किंचित कमी होऊ शकते.

पावसात उलट आहे. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, अरुंद टायर पाणी कापत जातो. पण कोणत्याही साइझला नक्षीची खोली हवीच. कायद्यानं किमान १.६ मिमी, कोकणात राहत असाल तर ३ मिमीला आलात की पावसाळ्याआधी टायर बदला. ओल्या रस्त्यावर थांबण्याचं अंतर त्यानंतर झपाट्यानं वाढत जातं.

१४. आरटीओ पकडेल का? विमा आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीतली गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. म्हणून मी पुनःपुन्हा सांगतो: कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेला साइझ घ्या आणि पुस्तिकेचं ते पान मोबाइलमध्ये ठेवा.

विमा कंपनीला ईमेलनं कळवा आणि उत्तर जपून ठेवा; अपघातानंतर सर्व्हेअरपुढे तोंडी बोलण्याला किंमत नसते. बाहेरची अलॉय असेल तर ती जोडसामान म्हणून पॉलिसीत लिहून घ्यावी लागते. वॉरंटीत असलेल्या गाडीला बाहेरची रिम लावली तर बेअरिंग आणि सस्पेन्शनचे दावे अडू शकतात. वॉरंटी संपेपर्यंत थांबा किंवा कंपनीचीच रिम घ्या.

१५. टीपीएमएस, एबीएस, एडास गडबडतील का?

टीपीएमएस (टायरमधली हवा कमी झाली की इशारा देणारी यंत्रणा) दोन प्रकारचं असतं. वॉल्व्हला सेन्सर असलेलं असेल तर जुन्या रिममधले सेन्सर काढून नव्यात घालायला सांगा. रबरी सील नवं घ्या. चाकाच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधणारं असेल तर हवा भरून मेनूमधून रीसेट करा. एबीएसला चारही चाकं सारख्या उंचीची असली की पुरतं. एडास (कॅमेरा-रडारच्या आधारे चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत उंचीचा फरक एक टक्क्याच्या पुढे जाऊ देऊ नका. कंपनीच्या दोन साइझमध्येच तेवढा फरक असेल तर नव्या साइझची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागेल का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा.

१६. नव्या टायरमध्ये हवा जुनीच ठेवू?

नाही. खालच्या व्हेरिएंटसाठी दिलेला आकडा घ्या, पूर्ण भारासाठीचा वेगळा असेल तर तोही लिहून ठेवा. आरामासाठी आणखी दोन-तीन पीएसआय कमी करण्याचा मोह टाळा. लांबच्या प्रवासात कमी हवेचा टायर सतत लवतो आणि तापतो. समृद्धीसारख्या सलग काँक्रीटच्या रस्त्यावर तास-तास एकाच वेगानं जाताना हे सर्वांत धोक्याचं.

१७. जुन्या बाजारातून बेस मॉडेलच्या रिम घेऊ का? कुर्ल्याला, नाना पेठेत मिळतात.

स्टील असेल तर बेधडक, अलॉय असेल तर डोळे उघडे ठेवून. बॅलन्सिंग मशीनवर टायरविना फिरवून पाहा, कड डोलता कामा नये. अलॉयच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची गाठ किंवा ताजा रंग दिसला तर सोडून द्या. तडकलेली रिम वेल्डिंग करून विकतात. बिल घ्या, चोरीचा माल पुष्कळ फिरतो. सर्वांत चांगला सौदा असतो तो आपली चाकं मोठी करू पाहणाऱ्या बेस मॉडेलच्या मालकाशी. दोघांचंही काम एका दुपारी होतं. जुने टायर मात्र कुणाचेही घेऊ नका.

स्टेपनीबद्दलही इथेच सांगतो: चारही चाकं एकाच साइझची हवीत, पुढे १५ आणि मागे १६ असं चालत नाही. स्टेपनी आधीच छोट्या साइझची असेल तर आता तुमच्याकडे पाच सारखी चाकं झाली, तिलाही रोटेशनमध्ये घ्या.

१८. इलेक्ट्रिक गाडीत रेंज वाढते का? आणि मी मॉन्ट्रियलला असतो, इथे हिवाळ्यासाठी सगळेच छोटी चाकं घेतात.

दोन वाचकांचे प्रश्न आहेत, पण उत्तर एकमेकांना लागून आहे. इलेक्ट्रिकमध्ये फरक स्पष्ट दिसतो. ह्युंदाई आयोनिक ६ ची २०२३ मधली युरोपातली अधिकृत रेंज मोठ्या बॅटरीच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये १८ इंचीवर ६१४ किमी होती, २० इंचीवर ५४५. चाकांसोबत टायरची रुंदीही तिथे बदलते, म्हणून फरक इतका मोठा. मात्र इलेक्ट्रिक गाडी जड असते, त्यामुळे भाराचा आकडा (प्रश्न १२) आणि ब्रेकची जागा (प्रश्न ६) इथे दुप्पट काळजीनं पाहा.

क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि त्यासाठी छोट्या स्टील रिमचा दुसरा संच ठेवणं तिथे शहाणपणाचंच: टायर स्वस्त, रस्त्यावरच्या मिठानं अलॉय खराब होत नाही, अरुंद टायर बर्फ चांगला कापतो. जर्मनीत असाल तर गाडीच्या सीओसी या कंपनीनं दिलेल्या प्रमाणपत्रात मान्य साइझ लिहिलेले असतात. त्याबाहेर गेलात तर वेगळी मंजुरी लागते.

१९. सगळं बदललं, पण आता ८०-९० ला स्टीअरिंग थरथरतं. छोट्या चाकाचा दोष?

चाकाच्या साइझचा नाही, बसवण्याचा. क्रमानं पाहा. आधी हब रिंग: भोक मोठं आणि रिंग नाही, तर रिम नटांवर लोंबकळते आणि केसभर एका बाजूला बसते. बॅलन्सिंग मशीनवर ती निर्दोष दिसते, कारण मशीन ती मधोमध धरतं; गाडीवर मात्र थरथर येते. म्हणूनच लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करूनही वैतागतात. रिंग असेल तर हबवरचा गंज साफ केला होता का विचारा. मग नट: चाक अधांतरी असताना, समोरासमोरचे आळीपाळीनं हातानं बसवायचे, नंतर खाली उतरवून टॉर्क पान्यानं. छोट्या-मध्यम गाड्यांत आकडा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तुमचा नेमका पुस्तिकेत मिळेल. हवेच्या गननं थेट आवळलेली चाकं हमखास तिरपी बसतात. सगळं करून शंभरेक किलोमीटर चालवा आणि नट पुन्हा एकदा तपासा. एवढ्यानंही थरथर राहिली तर पुढची-मागची चाकं अदलाबदल करून पाहा: थरथर स्टीअरिंगमधून निघून सीटमध्ये आली तर एखादी रिम वाकडी आहे, ती दुकानदाराकडून बदलून घ्या.